प्रातिनिधिक वाफा

माणसाच्या पोटात काय आहे, हे कुणालाच सांगता येत नाही. जमिनीच्या पोटात काय आहे, हे मात्र कृषी खात्याच्या दाखल्यावर तीन सह्या झाल्या की नक्की सांगता येतं. तिसरी सही प्रयोगशाळेतल्या तपासनीस बाईंची असे. एकोणीस वर्षांत ती एकदाही अडली नव्हती.

जुन्या बॅटऱ्या फोडणाऱ्या कारखान्यामागे अठरा एकर पालक होता. बाईंनी तिथली माती तपासली, तर शिसं मर्यादेच्या सहापट. उपायही त्यांनीच सुचवला: तूस आणि काटक्या कमी हवेत भाजून केलेला कोळसा मातीत मिसळायचा. तो शिसं काढून टाकत नाही, पण असं धरून ठेवतो की मुळांच्या हाती फारसं लागत नाही. (खातं फायलींच्या बाबतीत हेच करतं, तेही कोळशाशिवाय.) कुंड्यांमध्ये करून पाहिल्यावर बाईंना चांगला गुण दिसला होता.

खात्याच्या साहेबांना योजना फार आवडली; त्यांनी लगेच समिती नेमली. दीडशे टन कोळसा हवा होता. मंडप, फलक आणि अभ्यासदौरा उरकल्यावर उरलेल्या पैशांत चार घमेली आला. पण समिती डगमगली नाही. नमुना जिथून घ्यायचा तो एक वाफा तिने 'प्रातिनिधिक' ठरवला आणि चारही घमेली तिथेच ओतली. नमुन्यात माती जवळजवळ नव्हतीच, त्यामुळे तिच्यात दोष निघाला नाही.

"साहेब, बाकीच्या शेताचं काय?" बाईंनी विचारलं.

"बाई, रक्त तपासायला पेशंटचं सगळं रक्त काढतो का आपण?"

"नाही. पण औषध एका बोटाला चोळून त्याच बोटातलं रक्तही काढत नाही."

इतिवृत्तात 'चर्चा खेळीमेळीत झाली' अशी नोंद झाली.

बाईंनी सही केली नाही. सुट्टीच्या दिवशी स्वतः जाऊन शेजारच्या वाफ्यातली माती आणली. शिसं सहापटच. समितीने पिशवी उलटसुलट पाहिली. तिच्यावर शिक्का नव्हता, सबब आतलं शिसं अनधिकृत ठरलं. बाईंची बदली बियाणे विभागात झाली आणि तिसरी सही भांडारपालाने केली. (त्याने माती पाहिलीच नव्हती, म्हणून तो निःपक्षपाती होता.)

बाईंना काही चैन पडेना. त्या थेट मळ्यावर गेल्या. मळेवाली जुड्या बांधत बसली होती.

"मावशी, हा पालक घरात खाऊ नका. नातवंडांना तर मुळीच देऊ नका."

"आमच्यात कुणी खात नाही तो. कारखाना आला तेव्हापासूनच बंद केलाय."

"मग एवढ्याचं करता काय?"

"विकते."

"लोकांना? जिवाला काही वाटत नाही?"

"आधी वाटायचं," मळेवाली जुडीला गाठ मारत म्हणाली. "आता कागद आलाय ना, जमीन शुद्ध असल्याचा. तुमच्याच ऑफिसचा आहे."

 

हा पालक बाजारात सकाळी आठच्या आत संपतो. गिऱ्हाईक चोखंदळ आहे. पिवळं पान, किडकं पान बरोबर हेरतं. परवा तुम्हीही तसंच केलंत, दोन जुड्या निवडून घेतल्यात, आणि वर एक फुकट मागितलीत.