थर्ड शिफ्ट झोपलीय

आवाज न करता कबड्डी खेळता येते का? येते. मोरिवलीच्या आमच्या चाळीतली पोरं ती दर मे महिन्यात खेळायची आणि पंच असायचे गणपत भोईर, म्हणजे आमचे भोईरमामा. चढाई करणाऱ्यानं 'कबड्डी कबड्डी' नुसतं पुटपुटायचं. मग दम तुटला की नाही हे कळणार कसं? तर मामा आपला कान त्याच्या तोंडाशी लावून त्याच्या जोडीनं पळायचे. त्यामुळे पकड झाली की दोघं आडवे व्हायचे, एक चढाईवाला आणि एक पंच. मामा तसेच पडल्यापडल्या बोट वर करून त्याला बाद द्यायचे. स्वतःला मात्र त्यांनी कधीच बाद दिलं नाही.

या प्रकाराला 'बालसंस्कार शिबिर' असं भारदस्त नाव होतं. पाटीवर उद्देशही रंगवला होता: चारित्र्य, शिस्त आणि राष्ट्रउभारणी. खरा उद्देश चाळीतल्या प्रत्येक बाईला ठाऊक होता. आमचे बाप रात्री कारखान्यात थर्ड शिफ्ट करायचे आणि सकाळी आठला येऊन दहा बाय बाराच्या खोलीत आडवे व्हायचे. एरवी आम्हाला शाळा सांभाळायची. मे महिन्यात आम्ही मोकाट. एका मे महिन्यात आमच्या चेंडूनं अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, सलग तीन दिवस झोपमोड केली. चौथ्या रात्री ते मशीनला टेकून उभ्याउभ्याच झोपले. सुपरवायझरनं मेमो दिला.

शेजारच्या मशीनवर भोईरमामा होते. दुसऱ्या सकाळी ड्युटीवरून सुटल्यावर ते खोलीवर गेलेच नाहीत. थेट आमच्यात आले, अकरा पोरांची रांग केली आणि चाळीमागच्या चिंचेखाली नेऊन बसवलं. तोंडावर बोट ठेवून म्हणाले, "हलू बोला रं. थर्ड शिफ्ट झोपलीय." शिबिराचा इतिहास एवढाच. आगरी माणूस, 'हळू' म्हणणं त्यांना जन्मात जमलं नाही, पण आम्हाला हळू वागायला मात्र लावलं.

तिसऱ्या वर्षी पोरं चाळीस झाली, तेव्हा एका पुढाऱ्यांना उद्घाटनाची हौस आली. उल्हासनगरहून एक सिंधी मंडपवाला कर्णे घेऊन आला. साहेबांनी "माझ्या बालमित्रांनो" म्हटलं मात्र, मामांनी मागे जाऊन वायर उपटली. "साहेब, हलू. थर्ड शिफ्ट झोपलीय." साहेबांनी राष्ट्रउभारणीवरचं अख्खं भाषण कुजबुजत केलं. पहिल्या रांगेलाही ऐकू गेलं नाही, पण आम्ही टाळ्या वाजवल्या, त्याही एका बोटानं. मंडपवाला कपाळाला हात लावून म्हणाला, "अरे साईं, बजाना ही नहीं था तो मेरे को बुलाया काय को?"

शेवटच्या दिवशी टेम्पोतून बारवी धरणावर सहल असे. महिनाभर साठवलेला आवाज तिथं सोडायला परवानगी होती, पण रांगेनं. एकेकानं पुढे जायचं, एकदाच ओरडायचं आणि गुपचूप मागे यायचं. काय ओरडायचं ते मी वर्षभर घोकून ठेवलं होतं. नंबर आला आणि तोंडातून जेमतेम "आई गं" एवढंच निघालं. मी पुन्हा संधी मागितली. "म्होरच्या वर्षी," मामा म्हणाले.

मामांची एक गोष्ट मात्र आम्हाला कोड्यात टाकायची. दिवसभर आम्हाला गप्प करणारा हा माणूस संध्याकाळी नळाला पाणी आलं की खोलीला कुलूप लावून नळासमोरच्या बाकावर येऊन निजायचा. डोक्याशी हंडे आपटतायत, बायका भांडतायत, तीन घरांतले रेडिओ तीन सुरांत चाललेत आणि मामा ढाराढूर! बायका त्यांना वळसा घालून पाणी भरायच्या. माणूस चक्रम आहे, यावर चाळीचं एकमत होतं.

मी अकरावीत असताना कारखान्याला टाळं लागलं. त्या मे महिन्यात मामा नेहमीसारखे नावं लिहायला वही घेऊन आले. बाप मंडळी भरदिवसा ओट्यावर टक्क जागी बसलेली. अण्णा म्हणाले, "गणपतराव, आता शिबिर कशाला? दिवसा झोपायचंय कोणाला? इथं रात्रीची झोप उडालीय."

मामांनी वही मिटली आणि गेले. त्यानंतर ते बाकावरही दिसेनात. आठव्या दिवशी आईनं मला भाकरी आणि सुकट देऊन त्यांच्या खोलीवर पाठवलं. मामा खाटेवर बसले होते, डोळे तांबडेलाल.

"बरं नाही का, मामा?"

"झोप नाय रं."

"मग आता झोपा की. शांत आहे सगळं."

"तेच तर," मामा म्हणाले. "तांब्या ठेवला तरी केवढा आवाज व्हतो बघ या खोलीत. ना बायको, ना पोर. या शांततेत मना नाय झोप येत. म्हनून तर तुमच्यात येऊन बसायचो."

तेव्हा माझ्या टाळक्यात प्रकाश पडला. मामासुद्धा थर्ड शिफ्टलाच होते! साऱ्या चाळीच्या झोपेची राखण करणारा हा माणूस महिनाभर दिवसा डोळ्याला डोळा लावत नव्हता आणि आमच्यापैकी एकालाही ते कधी विचारावंसं वाटलं नाही. मला माझीच लाज वाटली.

"मग बाकावर का येत नाही?"

"शिबिर नाय, ड्युटी नाय. कोनच्या तोंडानं येऊन झोपू?"

दुसऱ्या दिवशी मी चाळीतली सगळी पोरं गोळा केली आणि मामांच्या खिडकीखाली कबड्डीची रेघ मारली. शिबिराचा उद्देश उलटा झाला होता. "काय वाट्टेल तेवढं ओरडा," मी सांगितलं. पोरांना आधी जमेचना, सवयच नव्हती. मग हळूहळू गळे उघडले आणि असा काही कल्ला झाला की बाया पदर खोचून बाहेर आल्या. थोड्या वेळानं खिडकीतून घोरणं ऐकू यायला लागलं.

एका चिमुरडीनं ते ऐकलं. तिनं तोंडावर बोट ठेवलं आणि डोळे मोठे करून म्हणाली, "हलू! थर्ड शिफ्ट झोपलीय."

सगळी पोरं जागच्या जागी चिडीचूप झाली. त्याबरोबर आतलं घोरणं थांबलं.

"ए पोरांनू," खाटेवरून झोपाळलेला आवाज आला, "गप कनाला झालाव रं? वरडा, वरडा. आता कुठं डोला लागला व्हता."