उंबराखालचा ब्रेकर

"वळणावर," उस्ताज वगदी म्हणाले.

"उंबरापाशी," उस्ता शौकी म्हणाला.

स्पीडब्रेकर नक्की कुठे बांधायचा, यावर सायकलवाल्यांच्या रस्ता सुरक्षा समितीची बैठक अडून बसली होती. चहाचे पेले रिकामे झाले होते, चहाच्या दुकानातले डॉमिनो खेळणारे आपली पाळी कधी येते म्हणून खोळंबले होते. अध्यक्ष वगदी पोस्टातले कारकून, म्हणून 'उस्ताज'; हातानं काम करणारे आणि गाडी हाकणारे ते 'उस्ता'. त्यांना कुठलीही गोष्ट ठराव केल्याशिवाय झाल्यासारखी वाटत नाही.

"अरे, पण आपला रोटीवाला बंदारी वळणावर पडला," वगदी म्हणाले. "उंबरापाशी आजवर एक कोंबडी तरी मेली आहे का?"

"वळणावर सिमेंट टिकत नाही," शौकी म्हणाला आणि खाली बघत राहिला.

शौकी दुम्यात शहरातल्या फर्निचर कारखान्यात पॉलिशचं काम करतो. माणूस गरीब स्वभावाचा, कधी कुणाशी वाद नाही. तोच आज हट्टाला पेटलाय म्हटल्यावर समितीला वाटलं, काहीतरी तथ्य असणार. ठराव झाला. नगरपालिकेला विचारायचं का, असं कुणीतरी म्हणालं तेव्हा सगळे हसले. आमच्याकडे ब्रेकर विचारून कोण बांधतं? ज्याच्या दारात गाड्या माजतात तो पाटीभर सिमेंट कालवतो आणि मोकळा होतो.

गाड्या मात्र खरंच माजल्या होत्या. कालव्याकाठच्या त्या रस्त्यानं रोज सकाळी निम्मं गाव सायकलवर कामाला जातं आणि त्याच रस्त्यानं मायक्रोबस धावतात. मायक्रोबसची रीत अशी, की आतल्या माणसानं नुसतं 'बाजूला घे, उस्ता' म्हटलं की ती कुठेही थांबते, अगदी कुणाच्या ओसरीलाही लागते. बाहेरच्यासाठी मात्र, भरलेली असली तर, ती कुणाच्या बापासाठी थांबत नाही. गेल्या हिवाळ्यात तिनं बंदारीला कालव्यात घातलं. बंदारी डोक्यावर रोट्यांची लांबरुंद फळी तोलत एका हातानं सायकल चालवतो. तो स्वतः बाहेर निघाला, रोट्या निघाल्या नाहीत. बदकांची चंगळ झाली आणि त्याच संध्याकाळी समिती जन्माला आली.

समितीनं आधी सरळ मार्गानं बरंच करून पाहिलं होतं. कडेनं सायकलींसाठी पांढरा पट्टा आखला, तर त्यावर कलिंगडवाल्यानं ढीग मांडला. 'हळू चालवा' अशी पाटी लावली, ती चार दिवसांत उम्म रिदा नावाच्या बाईच्या खुराड्याला दार म्हणून लागली. तिनं ती सुलटी लावली होती, त्यामुळे तिच्या कोंबड्या तेवढ्या हळू चालत. शेवटी उरला ब्रेकर.

आता उंबरच का, ते तुम्हाला सांगून टाकतो, समितीला सांगू नका. उस्ता शलबीच्या मायक्रोबसमध्ये उजव्या बाजूच्या मधल्या खिडकीत नेमत बसलेली असते. सोफ्याच्या गाद्या शिवायला ती दुम्यातला जाते. एके काळी या नेमतची आणि शौकीची फातिहा वाचून सोयरीक झाली होती. लग्नाचं फर्निचर नवऱ्यानं करायचं असतं, आणि पॉलिशवाल्यानं बायकोचा पलंग दुसऱ्याकडून घ्यायचा म्हणजे शोभा. शौकीनं पलंग स्वतः केला. त्याला पॉलिशचा एक हात दिला, मग दुसरा. दर वेळी नेमतचा बाप विचारायचा, "झाला का?" आणि शौकी म्हणायचा, "अजून एक हात." शेवटी बाप कंटाळला आणि मुलगी मन्सुरा शहरातल्या एका धान्यवाल्याला देऊन टाकली. शौकी एक शब्द बोलला नाही. तो पलंग चादर घातलेला अजून त्याच्या घरात उभा आहे. शौकी शेजारच्या बाकड्यावर झोपतो.

नवरा गेल्यावर नेमत भावाकडे परत आली. तेव्हापासून शौकीला रोज सकाळी पाठीमागून शलबीचा भोंगा ऐकू येतो, तो मान वर करतो, खिडकीत तिचा चेहरा दिसतो न दिसतो तोच धूळ डोळ्यांत जाते. तेवढ्यावर त्याचा दिवस निघतो. आणि दिवसभर त्याला वाटत राहतं, अजून थोडं दिसली असती तर. वळणावर सकाळचं ऊन थेट काचेवर येतं आणि काचेत नुसतं ऊनच दिसतं. उंबराखाली सावली असते.

शुक्रवारी नमाज झाला, जेवणं झाली, रस्ता पेंगायला लागला, तेव्हा समिती घमेली घेऊन निघाली. वगदींनी कागदावर आकृती काढून आणली होती. उंची चार बोटं. सिमेंट पडलं, शौकीच्या हातात थापी आली, आणि तिथेच घोटाळा झाला. त्या माणसाला कुठल्याही कामात थांबायचं कुठे ते कळत नाही.

"झालं ना आता?" बंदारी म्हणाला.

"अजून एक हात."

"शौकी, बाबा, रस्ता आहे हा. यावर नवरी निजायची नाहीये."

शौकीची थापी जरा अडखळली आणि पुन्हा फिरायला लागली. ऊन कलेपर्यंत ब्रेकर नडगीएवढा झाला. पण सफाई अशी, की वाटसरू वाकून हात फिरवून बघायला लागले. वगदींनी आकृती घडी करून खिशात घातली.

शनिवारी सकाळी शौकी उंबराखाली सायकल टेकवून उभा राहिला. दाढी केली होती, सदरा धुतलेला होता. शलबीचा भोंगा वाजला, गाडी आली, ब्रेकरवर चढली आणि चारी चाकांनी उडाली. आत भांड्यांचा आणि माणसांचा एकच आवाज झाला. गाडी खाली आपटून बंद पडली ती नेमकी शौकीच्या पुढ्यात, आणि खिडकीत नेमत होती. कपाळाला टेंगूळ, मांडीवर दुपारच्या जेवणातली मुलुखियाची पातळ भाजी सांडलेली, हिरवीगार. शौकी पाहतच राहिला. केसांची कड पांढरी झाली होती, पण रागावल्यावर उजवी भुवई अजून तशीच वर जात होती.

नेमतनं खिडकीतून डोकं काढलं. "ज्यानं हे बांधलंय ना, अल्ला करो आणि त्याचे हात खांद्यापासून गळून पडोत. त्याच्या घरात चूल न पेटो. त्याला कपाळाला टेंगूळ येवो आणि त्याच टेंगळावर दुसरं येवो."

इतक्या वर्षांत तिचे कानावर पडलेले हे पहिले शब्द. शौकीनं ते दिवसभर मनात घोळवले. आवाज तोच होता, त्याला फार बरं वाटलं, आणि फार वाईट वाटलं. मागून बंदारी आला. ब्रेकरवर त्याची सायकल चढली, रोट्या पुढे उतरल्या.

"हा माझ्या सुरक्षेसाठी बांधलाय ना?" गोळा करता करता त्यानं विचारलं. "बदकांना निरोप धाडा कुणीतरी."

यानंतर जे झालं त्यात कुणाचा दोष नाही. गाड्या थांबायला लागल्या, आणि आमच्याकडे गाडी थांबली की तिथे बाजार भरतो. उम्म रिदानं उंबराखाली स्टोव्ह मांडला आणि चहा सुरू केला. पेरूवाला आला, कागदी रुमालवाला आला. ॲक्सल मोडायला लागले तसा एक मिस्त्री पाने पसरून बसला. चहाला बसलेल्यांची वाहनं कडेला लागली आणि सायकलवाल्यांना जायला वाटच उरली नाही. समितीचे सभासद रोज सकाळी आपापल्या सायकली खांद्यावर मारून, उम्म रिदाच्या किटलीला वळसा घालून पलीकडे जायला लागले.

"सुरक्षा वाढली हे मान्य करा," वगदी एकदा खांद्यावर सायकल घेऊन म्हणाले. "पायी चालणाऱ्याला कोण उडवतंय?"

शलबीनं वेगळाच उपाय काढला. ॲक्सल घासू नये म्हणून तो ब्रेकरच्या अलीकडे सगळ्यांना खाली उतरवायचा, रिकामी गाडी चढवायचा आणि पलीकडे पुन्हा भरायचा. म्हणजे नेमत आता रोज सकाळी पायी, हाताच्या अंतरावरून, शौकीसमोरून जायला लागली. ज्याला खिडकीतलं एक पळ हवं होतं त्याला चांगली वीसेक पावलं मिळाली. आणि या पठ्ठ्यानं काय करावं? गाडी दिसली की तो उंबराच्या खोडामागे जाऊन उभा राहायचा. चालून येणाऱ्या माणसाशी बोलावं लागतं. खिडकीतल्या माणसाशी नाही.

एका बुधवारी शलबीनं चहाचा पेला आपटून जाहीर केलं, "बास झालं. शनिवारपासून मी मोठ्या रस्त्यानं जाणार. लांब पडतं, पण गाडी तरी शाबूत राहील."

खोडामागे शौकीनं ते ऐकलं. मोठा रस्ता म्हणजे गावाच्या पार पलीकडून. तिथे सायकल नाही, उंबर नाही, खिडकीही नाही. पूर्वीचं ते एक पळही गेलं.

गुरुवारी कारखाना लवकर सुटतो. दुपारी शौकी कुदळ घेऊन रस्त्याच्या मधोमध उभा राहिला. बातमी पसरली तशी समिती धावत आली.

"अरे, तूच भांडून बांधलास," वगदी म्हणाले. "ठराव आहे."

"आता मोडतो."

"माझ्या पोटावर पाय देतोयस तू," उम्म रिदा किटली घेऊन आडवी आली. "खुराड्याचं दार परत देते हवं तर. पण हा राहू दे."

शौकीनं कुदळ मारली. ब्रेकरचा टवका उडाला नाही. हातावर हात दिलेलं ते काम, कुदळच उडून परत आली. तो घामानं भिजला, दम लागला, आणि तेवढ्यात समोर शलबीची परतीची गाडी येऊन थांबली. माणसं उतरली. खोड चार पावलांवर होतं, पण सगळे त्याच्याकडेच बघत होते.

नेमत ब्रेकरसमोर उभी राहिली. "कुणी बांधला हा?"

"हा काय, यानंच," बंदारीनं बोट दाखवलं. "आम्ही वळणावर म्हणत होतो. हा म्हणे उंबरापाशीच पाहिजे."

"का?"

"वळणावर सिमेंट टिकत नाही," वगदींनी खुलासा केला.

"मी यांना विचारतेय. उस्ता शौकी, तुम्ही सांगा. इथेच का?"

शौकीनं कुदळीच्या दांड्याकडे बघितलं. मग तो म्हणाला, "वळणावर काचेवर ऊन येतं."

"उन्हाचा आणि सिमेंटचा काय संबंध?" वगदींनी बंदारीला विचारलं. बंदारीनं त्यांचा हात धरून त्यांना गप्प केलं.

नेमतची उजवी भुवई वर गेली आणि हळूहळू खाली आली. ती जवळ आली आणि आवाज उतरवून बोलली, पण आमच्याकडे अशा वेळी सगळ्यांचे कान लांब होतात.

"त्या मधल्या सीटची स्प्रिंग बाहेर आलीये. रोज टोचते. शलबी म्हणतो, मागे बसा. तरी मी तिथेच का बसते, कधी डोक्यात आलं नाही तुमच्या?"

शौकीनं मान वर करून रिकाम्या गाडीच्या त्या खिडकीकडे बघितलं.

"एक गाडी थांबवायला एवढं सिमेंट ओतलंस तू," ती म्हणाली. 'तुम्ही' जाऊन 'तू' कधी आलं ते तिचं तिलाही कळलं नाही. "तेव्हा बाबांसमोर नुसता एक शब्द बोलायचा होता. थांब. मी थांबले असते रे. किती वर्षं म्हणशील तितकी थांबले असते."

ती पलीकडे जाऊन गाडीत बसली, त्याच खिडकीत. गाडी गेली. शौकी कुदळ मारत राहिला, मग बंदारीनं पहार आणली, मग वगदींनीसुद्धा बाह्या सरसावल्या. दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता. नमाजानंतर उरलासुरला तुकडा निघाला तेव्हा उम्म रिदानं सगळ्यांना फुकट चहा दिला, तोंड वाकडं करून. शौकीनं घरोघर विचारत जाऊन शलबीला गाठलं आणि रस्ता साफ झाल्याचं सांगितलं.

शनिवारी सकाळी रस्ता पूर्वीसारखा सपाट होता. समिती कडेला सायकली धरून उभी होती, वगदी नव्या पाटीचा मजकूर जुळवत होते. शौकी उंबराखाली होता, खोडाच्या पुढे. भोंगा ऐकू आला. शलबी पंधरवड्याची कसर काढत भरधाव येत होता. शौकीनं हात वर केला.

"थांब."

मायक्रोबस भरलेली होती. ती बाहेरच्यासाठी थांबत नाही. ती त्याच्या समोरून गेली, खिडकी गेली, चेहरा गेला, धूळ आली. शौकीचा हात वरच राहिला.

धुळीतून आतला आवाज आला.

"बाजूला घे, उस्ता."

ब्रेक करकचून लागले. गाडी पुढे जाऊन थांबली, दार सरकलं.

"कारखाना अजून लांब आहे, हाज्जा," शलबी अदबीनं म्हणाला.

"माहितीये. आजपासून मी रोज इथेच उतरणार आहे. या झाडापासून हळू घेत चल."

"ब्रेकरशिवाय," वगदी बंदारीच्या कानात म्हणाले. "ठरावाशिवाय."

नेमत पदर सावरत चालत आली आणि शौकीसमोर उभी राहिली. त्याचा हात अजून वर होता. तिनं तो धरून खाली केला.

"बोल आता," ती म्हणाली. "पण त्या पलंगाला अजून एक हात द्यायचा राहिलाय म्हणालास, तर मागची गाडी पकडून निघून जाईन."