ग्लेनिसची लेन्स आणि ओहोटी

लेन्स सुखरूप आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे तुम्हाला निवांत हसता येईल.

कॅमेऱ्याची ही लेन्स आमच्या हिची, म्हणजे ग्लेनिसची. चांगली कोपरापर्यंतच्या हाताएवढी लांब, आणि लाडकी इतकी की आमच्या घरात गादीवर झोपतात फक्त ही लेन्स आणि कुत्रा. ती मी न विचारता घेतली, कारण विचारलं असतं तर मिळाली नसती. (निवृत्त कारकुनाचं तर्कशास्त्र.) आमच्या इलुका गावच्या खाडीत काळ्या मानेचा करकोचा आला होता आणि माझ्याकडे पायांनी चालवायची नवी कयाक होती. पायडल मारलं की बुडाखालचे दोन पंख फडफडतात, नाव पुढे सरकते आणि हात फोटो काढायला मोकळे. मग वल्हं कशाला हवं, म्हणून ते मी शेडमध्येच ठेवलं.

आमच्याकडे पाण्यावर जाण्याआधी गावच्या बचाव चौकीला रेडिओवर कळवायचं असतं: कोण, कुठे, परत कधी. न कळवता जाणाऱ्याला गाव खुळा समजतं. पण मंगळवारी चौकीत रेडिओवर बसते ग्लेनिस. तेव्हा खुळेपणा पत्करून मी गुपचूप निघालो.

करकोचा सापडला. पण मी जवळ गेलो की तो रुसलेल्या व्याह्यासारखा चार पावलं पुढे जाई. मी पायडल मारत त्याची मनधरणी करत होतो. पक्षी पाण्यात चालतोय म्हणजे पाणी ते किती असणार, हा विचार शहाण्या माणसाला लगेच सुचला असता. मला सुचला तोवर ओहोटी लागून नावेचे पंख चिखलात रुतले होते. उतरून ढकलावं म्हणून एक पाय बाहेर टाकला, तो थेट मांडीपर्यंत गेला. कसाबसा ओढून काढला. बूट मात्र तिथेच राहिला. त्या झटापटीत नाव कलली. कॅमेरा लेन्ससकट डोक्यावर धरून बसलो. दुसरा बूटही घे बाबा, पण लेन्स राहू दे, असं त्या चिखलाला मनापासून विनवलं.

शेवटी एका हाताने रेडिओ उचलला.

"बचाव चौकी. आपलं नाव सांगा." आवाज हिचाच.

"ग्लेनिस, मी."

"आपलं नाव सांगा."

"मर्व्ह."

"नावेवर किती माणसं आहेत?"

"तुला माहीत आहे किती."

"विचारायचा नियम आहे. किती?"

"एक."

"अडचण काय?"

"चिखल."

"सोबत काही मौल्यवान सामान?"

खाडीतला प्रत्येक कोळंबीवाला या वेळी रेडिओला कान लावून बसलेला असतो.

"मर्व्ह," आता नियम संपले होते, "माझी लेन्स कुठे आहे?"

"डोक्यावर."

"भिजली?"

"कोरडी आहे गं. शपथ."

तिचा सुटकेचा निःश्वास खाडीभर ऐकू गेला. "तशीच धर. हात खाली आणलास तर बघ. क्लाईव्हला पाठवते."

क्लाईव्ह चौकीची बोट घेऊन आला, पाणी होतं तिथवर थांबला आणि दोरीला बांधलेला घट्ट झाकणाचा डबा त्याने माझ्याकडे फेकला. मी कॅमेरा आणि लेन्स त्यात ठेवली, झाकण दोनदा दाबून पाहिलं. चिखलावरून घसरत डबा त्याच्याकडे जाईपर्यंत मी श्वास घेतला नाही. त्याने उघडून पाहिलं, अंगठा वर केला, आणि खरं सांगतो, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. संसार वाचला होता. आता हातही खाली आणता येत होते.

क्लाईव्हने रेडिओवर चौकीला कळवलं, "लेन्स मिळाली, अगदी कोरडी. आता मर्व्हला दोरी टाकू का?"

ग्लेनिसने आधी एक विचारलं.

"डोक्यावर टोपी आहे का त्याच्या?"

"आहे."

"मग राहू दे. संध्याकाळी भरती आली की तरंगेल आपोआप."

क्लाईव्हने "समजलं" म्हणून इंजिन सुरू केलं. मागोमाग खाडीतल्या कोळंबीवाल्यांनीही एकेक करून "समजलं" म्हणून कळवलं.