शिंपीणबाईचं दार

व्हिडिओ गेमचा दुसरा भाग कसा करायचा, हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. पहिल्यापेक्षा सगळं दुप्पट करायचं, झालं! आमच्या पहिल्या गेममध्ये एक पोस्टमन सायकलवरून छोट्याशा गावात पत्रं वाटायचा. दुसऱ्या भागात मी त्याला मोटारसायकल दिली, गावाचं शहर केलं आणि वर लांडगे सोडले.

खेळून बघायला बसवलं सासूबाईंना. त्या निवृत्त नर्स. पहिला भाग त्यांनी कितीतरी वेळा पूर्ण केलेला. कौतुक ऐकायला मी ऑफिसातल्या साहेबांनाही घरी बोलावलं.

सासूबाईंनी मोटारसायकल सुरू केली आणि थेट नदीत घातली. पुन्हा सुरू केली, पुन्हा नदीत. चौथ्या खेपेला ती काठावरच सोडून त्यांनी पोस्टमनला पायी जुन्या गल्लीत नेलं. तिथे शिंपीणबाईचं घर. पहिल्या भागात तिच्या खलाशी मुलाची पत्रं सासूबाईंनीच पोचवली होती. त्यांनी दार वाजवलं. उघडेना. पुन्हा वाजवलं. मग चष्मा काढून डोळे पुसले.

"गेली का हो ती?"

"नाही हो आई, मेली नाही. बनवलीच नाही." नव्या शहरातली घरं नुसती शोभेची आहेत, हे मी त्यांना सांगितलं.

"लांडगे बनवायला वेळ मिळाला, जावईबापू, आणि तिला नाही?"

साहेबांनी कप खाली ठेवला आणि गेम चार महिने पुढे ढकलला. मी दोन दिवस सासूबाईंशी कामापुरतंच बोललो. तिसऱ्या दिवशी ऑफिसात जाऊन मुकाट्यानं लांडगे काढले आणि शिंपीणबाई करायला घेतली. आता दार उघडतं. ती थकली आहे, पण पोस्टमनला ओळखते, आत बोलावते, परत आलेल्या मुलाला हाक मारते. मग आम्ही गल्लीतलं एकेक दार उघडत गेलो.

गेम गाजला. पहिल्या भागाचा खरा वारस, असं लोकांनी लिहिलं. एका सभेत मला त्यावर बोलायला बोलावलं. मी झालं ते सगळं सांगितलं आणि पहिल्या रांगेतल्या सासूबाईंना मनापासून हात जोडले. टाळ्या पडल्या. कुणीतरी त्यांच्यापुढे माईक धरून विचारलं, की नव्या भागातलं सगळ्यात जास्त काय आवडलं.

"चांगलाच असेल हो," त्या म्हणाल्या. "मी अजून लावलेला नाही. आधी जुन्यातली पत्रं वाटून होऊ देत."