सात ओरखडे

कारखान्यात तपासणीचं नवं मशीन येऊन चार दिवस झाले होते, आणि काकांची झोप जाऊनही चारच दिवस झाले होते. एकतीस वर्षं लेझरच्या काचा तेच तपासत आले होते. काळ्या कापडासमोर दिवा लावायचा, काच तिरकी धरायची आणि डोळे बारीक करून बघायचं. त्या काचेतून पोलाद कापणारा किरण जायचा. तिच्यावर केसाहून बारीक ओरखडा राहिला तरी किरण पोलादाआधी काचच फोडायचा. साहेबांनी स्पष्ट सांगितलं होतं, "काका, आज एकच काच तुम्हीही बघा, मशीनही बघेल. मशीन बरोबर निघालं तर तुमची खुर्ची पॅकिंगमध्ये."

काकांनी काच धरली. डाव्या कडेला बारीक रेघ चमकली.

"ओरखडा. नापास."

मशीनने काच पास केली.

"धागा असेल काका, पुसून बघा की," मशीनबरोबर आलेला पोरगा, मशीनवाला, म्हणाला.

काच पुसल्याशिवाय बघायची नाही, हा नियम काकांनीच अख्ख्या कारखान्याला शिकवला होता. आज रागाच्या भरात ते स्वतःच विसरले होते. पण चार दिवसांच्या पोराने सांगावं आणि आपण पुसावं?

"धागा आणि ओरखडा मला कळत नाही होय? एकतीस वर्षं काय इथे माशा मारल्या?"

"मग मी पुसतो," म्हणत मशीनवाल्याने काच पुसायचा मऊ कागद घेतला आणि काच ताट घासावं तशी घासली.

"अरे, अरे! अलगद, एकदाच ओढायचा असतो तो कागद!" काका ओरडले. तोवर व्हायचं ते झालं होतं. मशीनने या वेळी एक ओरखडा दाखवला.

"बघा!" काका म्हणाले.

"हा आत्ताचा आहे," मशीनवाला पुटपुटला.

आवाज ऐकून पॉलिशवाल्या ताई आल्या. ती काच त्यांनी अकरा दिवस घासून गुळगुळीत केली होती.

"माझ्या काचेवर ओरखडा? कोण म्हणतं? आणा इकडे!" त्यांनी पदर खोचला आणि ओरखडा खरा की खोटा हे बघायला काच आणखी दोनदा पुसली. मशीनने तीन दाखवले.

"तुमचं हे मशीनच ओरखडे पाडतंय," ताई म्हणाल्या.

"मशीन काचेला हातसुद्धा लावत नाही हो ताई!"

"मग जिभेने पाडत असेल!"

शेवटी साहेब आले. "एवढ्याशा काचेसाठी केवढा हा गोंधळ!" म्हणत त्यांनी ती उघड्या हाताने उचलली आणि खिडकीपाशी नेली. तिघांनीही एकदम श्वास रोखला. काच परत आली तेव्हा बरोबर मधोमध साहेबांचा अंगठा उमटला होता. तो निघावा म्हणून द्रावण लावून चार वेळा पुसावं लागलं.

मशीनने सात ओरखडे दाखवले.

"काका, जिंकलात तुम्ही," साहेब पडलेल्या आवाजात म्हणाले. "काच नापास." आणि लगेच फोन करून त्यांनी तसं वर कळवूनही टाकलं.

काकांनी पडद्यावरचं चित्र नीट बघितलं. सातही रेघा मधल्या भागात होत्या. डावी कड लख्ख होती. गप्प बसले असते तर खुर्ची शाबूत होती. पण खोट्या शेऱ्याखाली त्यांनी आजवर सही केली नव्हती.

"साहेब," ते हळूच म्हणाले, "माझा ओरखडा यात नाही. तो धागाच होता. मशीन बरोबर होतं."

साहेबांनी दार लोटून घेतलं. "काका, हळू बोला. ओरखडा आधीपासून होता आणि तो तुम्ही पकडला, असं मी वर कळवून बसलोय. तो नंतर पडला म्हटलं, तर कोणी कोणी हात लावला ते विचारतील." त्यांनी अंगठा मुठीत लपवला. "उद्यापासून मशीनने पास केलेली प्रत्येक काच तुम्ही पुन्हा बघायची."

"आणि मी नापास केलेली?"

"ती मशीन पुन्हा बघेल."

म्हणजे खुर्ची राहिली, पण काम दुप्पट झालं. काकांचे डोळे आत्ताच चुरचुरायला लागले.

"आणि आमचं दोघांचं जुळलं नाही तर?"

"तर मी स्वतः येऊन बघेन," साहेब म्हणाले.

ताईंनी आपल्या उरलेल्या सगळ्या काचा गोळा केल्या, कपाटात ठेवल्या आणि कुलूप लावून किल्ली कमरेला खोचली.