बेंबळीची सोयरीक

आमच्या पतसंस्थेच्या एखाद्या शाखेतला संगणक धाराशिवच्या मुख्य कार्यालयाशी जोडायचा असला, की हे काम बघणारे आमचे सिद्रामप्पा आधी त्या शाखेला फोन करून विचारतात, "पोरगी कशी हाय? तापट न्हाय ना?" पोरगी म्हणजे संगणक. जोडणी म्हणजे सोयरीक.

काम तसं साधं. शाखेतल्या संगणकावर एक छोटा प्रोग्रॅम बसवायचा. मग इथून हुकूम सोडला की तो तिथं आपोआप पाळला जातो. हिशेबाची प्रत निघते, अडकलेला प्रिंटर सुटतो, कुणाला हेलपाटे घालावे लागत नाहीत. पण अप्पांना असा रुक्षपणा चालत नाही. पहिला हुकूम नीट पोचला की ते सगळ्यांना चहा पाजतात आणि म्हणतात, "सुपारी फुटली. आता उगं हात लावायचा न्हाय. दिल्या घरी नांदू द्या."

परंड्याची पोरगी मात्र रोज संध्याकाळी मुकी व्हायची. आम्ही वायरी तपासून दमलो. अप्पा तिथं गेले, शिपायाशी तंबाखू मळत बसले आणि कळलं, की विजेच्या भीतीनं तो घरी जाताना मेन स्विचच पाडतो. अप्पा रागावले नाहीत. "निजलेल्या लेकराला काम सांगत्यात व्हय?" म्हणत त्यांनी हुकमाची वेळच दुपारची केली. असा माणूस मी तरी दुसरा पाहिला नाही.

भूम झालं, परंडा झालं, अडलं ते बेंबळीपाशी. दर शुक्रवारी अप्पा तिथं स्वतः जायचे, हिशेबाची प्रत हातानं काढायला. डिकीत गुलाबजामचा डबा. जोडणीचा विषय काढला की म्हणायचे, "तिथलं नेट लई आजारी हाय." खरं कारण आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांची एकुलती लेक गौरी बेंबळीत दिली आहे. बायको गेल्यापासून घरी ते एकटेच. आणि बापानं लेकीच्या सासरी कामाशिवाय पाऊल टाकू नये, हा त्यांचा कायदा. शाखा जोडली की काम संपणार, आणि कामाबरोबर लेकीची भेटही.

शेवटी साहेबांनी मला त्यांच्याबरोबर धाडलं. नेट चांगलं ठणठणीत होतं. हुकूम गेला, उत्तर आलं. अप्पांनी चहा सांगितला नाही.

तिथून आम्ही गौरीकडं गेलो. डबा विहीणबाईंच्या हाती देत अप्पा म्हणाले, "आता मशीन तिकडूनच चालंल. माझं येणं काय व्हायचं न्हाय."

"आवं इवाई," विहीणबाई म्हणाल्या, "दर शुक्रवारी तुमच्या वाटणीची भाकरी मशिनीला इचारून थापतो व्हय आमी?"

गौरी दारात उभी राहून हसत होती. अप्पा तिच्याकडं वळले. "मग चहा टाक बाय," ते म्हणाले. मला इतकं बरं वाटलं, की मी दोन कप प्यालो.

पुढच्या शुक्रवारी बेंबळीहून सगळं ठीक असल्याचं उत्तर पडद्यावर आलं. अप्पा गाडीची किल्ली घेऊन उठले.

मी म्हटलं, "अप्पा, उगं हात लावायचा न्हाय ना?"

"ते खरं हाय," अप्पा म्हणाले, "पण तिथं भाकरी थापलेली असंल."