अक्कांचा पाचवा ठसा

दिवाळीचा पाडवा, १९७९. दुपारचे तीन वाजले होते आणि मी अक्कांच्या खोलीत पाटावर बसले होते. पुढ्यात खोबरेल तेलाची वाटी, जुन्या पंच्याची चिंधी आणि चार लोखंडी ठसे. ठसे पुसायचे, तेल लावायचे आणि पत्र्याच्या डब्यात ठेवायचे, एवढंच काम. दरवर्षी पाडव्याला ते अक्का स्वतः करत. त्या वर्षी वसुबारसेला मोरीत पाय घसरून त्यांचं उजवं मनगट मोडलं, हात प्लास्टरमध्ये गेला आणि काम माझ्याकडे आलं.

"तेल लावायच्या आधी फुंकर मार," कॉटवरून अक्का म्हणाल्या.

"कशाला?"

"मुंगी असती."

"लोखंडावर मुंगी काय खायला येणार आहे, अक्का?"

"खायला न्हाई, फिरायला येती. तू जात न्हाईस व्हय रंकाळ्यावर?"

मी फुंकर मारली. अक्कांशी वाद घालण्यात माझी वीस वर्षं गेली होती आणि त्यातला एकही वाद मी जिंकले नव्हते.

मंगळवार पेठेतल्या आमच्या इमारतीत खाली माझा शिवणक्लास आणि बरोबर त्याच्या डोक्यावर अक्कांची खोली. अक्का जैन, मूळच्या निपाणीकडच्या. आईवडील एकाच वर्षी गेले तेव्हा अक्का सतरा वर्षांच्या आणि धाकटा भाऊ नेमू दोन वर्षांचा. त्याला काखोटीला मारून त्या कोल्हापुरात आल्या, बालवाडीत मदतनीस म्हणून लागल्या आणि त्याला वाढवलं. त्यात लग्न राहून गेलं, ते राहूनच गेलं. कानडीत अक्का म्हणजे थोरली बहीण. नेमू म्हणायचा म्हणून सगळी पेठ अक्का म्हणायला लागली. मी या इमारतीत आले तेव्हा नेमू उद्यमनगरात फिटर होता. हे ठसे त्यानंच केलेले.

ठसा म्हणजे काय ते सांगते. जुन्या करवतीचं पातं घ्यायचं, हव्या त्या आकारात वाकवायचं, एका कडेला धार काढायची आणि दुसरी कड जाड पट्टीवर वेल्डिंग करायची. मग चिंचेच्या ठोकळ्यावर आठ पदरी कागद ठेवायचा, वर ठसा धरायचा आणि लाकडी मोगरीचा एकच ठोका द्यायचा. एका ठोक्यात आठ पानं. कापडाचे मात्र चारच पदर. माझ्या क्लासमधली सगळी कात्रणं वर जात आणि तोरण होऊन खाली येत.

अक्कांकडे चार आकार होते. पान, थेंब, टिकली आणि चंद्रकोर. या चारांवर त्यांनी पेठेचं वर्ष सजवलं. गणपतीला पानांची तोरणं आणि थेंबांची कमळं, दिवाळीला आकाशकंदिलाच्या झिरमिळ्या, संक्रांतीला पोरांच्या काळ्या झबल्यांवर पांढऱ्या टिकल्या, चैत्रात जोतिबाच्या सासनकाठीला कापडी माळा. मोहरमात पलीकडच्या गल्लीतले ताबूतवाले चंद्रकोरी न्यायला येत. देव कुठलाही असो, ठसे चारच.

ठोका देण्याआधी त्या ठोकळ्यावर फुंकर मारत आणि म्हणत, "सरका, सरका." हे मुंग्यांना उद्देशून. सीझनमध्ये दिवसभर माझ्या डोक्यावर हेच चालू असे. सरका, सरका, धप. सरका, सरका, धप. तिसऱ्या मजल्यावर नव्यानं आलेले जोशी ते आपल्यालाच समजून जिन्यात दोनदा अंग चोरून भिंतीला टेकले होते. सूर्य मावळला की काम बंद. दिव्यावर किडे येतात आणि त्यांना सरका म्हटलेलं कळत नाही, असं अक्कांचं निरीक्षण होतं.

हिरव्या कागदाचा एक वेगळाच कायदा होता. अष्टमी आणि चतुर्दशीला अक्कांच्या घरी पालेभाजी चिरत नसत, हे समजण्यासारखं आहे. पण त्या दिवशी त्या हिरवा कागदही कापत नसत. एका वर्षी तालमीची पोरं ऐन अनंत चतुर्दशीला आली. आदल्या दिवशीच्या पावसात त्यांचं तोरण भिजून लगदा झालं होतं आणि दुपारी मिरवणूक निघायची होती.

"अक्का, शंभर पानं पायजेत. हिरवी."

"आज चौदस हाय. हिरवं तोडायचं न्हाई."

"अवो कागद हाय त्यो."

"कागद कशाचा करत्यात?"

त्यातला एक जण कॉलेजला जाणारा होता. तो म्हणाला, "झाडाचा." आणि फसला.

"मग?" अक्का म्हणाल्या.

शेवटी अक्काच म्हणाल्या, "पांढरा कागद आणा. पानं पाडून देतो. रंग तुम्ही मारा."

"आणि पांढरा झाडाचा न्हाई व्हय?"

"पांढरा वाळलेला की. वाळलेलं चालतंय."

त्या वर्षी मिरवणुकीत त्या तालमीच्या सगळ्या पोरांचे हात कोपरापर्यंत हिरवे होते.

पण त्यांचा सगळ्यात कडक कायदा सजीव आकारांचा. पाखरू, मासा, ससा, हत्ती, काहीही कापायचं नाही. लहानपणी त्यांनी बस्तीत, म्हणजे त्यांच्या देवळात, एक गोष्ट ऐकली होती. कुणा राजानं खरा नव्हे, पिठाचा कोंबडा कापला आणि त्याचं पाप फेडताना त्याला जन्मांमागून जन्म घ्यावे लागले. ती गोष्ट त्यांच्या मनात जी बसली ती बसलीच. माझ्या क्लासच्या परीक्षेला एका मुलीनं उशीच्या अभ्र्यावर लावायला कापडाचा पोपट कापला. अक्का कात्रणं न्यायला खाली आल्या होत्या. त्यांनी पोपट उचलला, ज्या कापडातून तो कापला होता ते कापड शोधून काढलं, पोपट परत त्या भोकात बसवला आणि चारी बाजूंनी बारीक टाका घालून शिवून टाकला. "झालं," म्हणाल्या आणि पिशवी घेऊन वर गेल्या. ती मुलगी रडायला लागली. मी तिला रफूचे मार्क दिले.

गंमत अशी की गौरीपुढं अक्काच थेंब आणि टिकल्या चिकटवून हातभर उंचीचा मोर करत. मी एकदा विचारलं, हा कसा चालतो?

"जोडलाय की. कापलाय कुठं?"

तर त्या पाडव्याला मी चारही ठशांना तेल लावलं आणि ते ठेवायला डबा पुढं ओढला. तळाशी काहीतरी फडक्यात गुंडाळलेलं होतं. हाताला जड लागलं.

"ते राहू दे," अक्का म्हणाल्या. मग म्हणाल्या, "नगं, काढ. उद्या तुलाच करायला लागणार हाय."

मी फडकं सोडलं. आत पाचवा ठसा होता. चिमणीचा. मी कापडात आकार कापून पोट भरणारी बाई आहे, त्यामुळं मला काम कळतं. चोच तांदळाच्या टोकाएवढी, शेपटीला मधोमध खाच, पोटाची गोलाई एका दमात वळवलेली. पोलादाची पट्टी अशी वळवायला माणसानं रात्रीच्या रात्री कानस घासली असली पाहिजे. गंजाचा ठिपका नव्हता. आणि तो वापरलेलाही नव्हता. धारेवर ठोक्याची एक खूण नव्हती.

"नेमूनं केलेला," अक्का म्हणाल्या. "भाऊबिजेला ताटात घातला. ओवाळणी म्हणून."

अकरा वर्षांपूर्वीची ती भाऊबीज. नेमूचं लग्न त्याच वर्षी झालेलं. घरात नवी सून, तिचे आईवडील, अक्कांच्या हातात निरांजनाचं ताट. नेमूनं नोट न घालता खिशातून हा ठसा काढून ताटात ठेवला. पंधरा दिवस कारखाना सुटल्यावर मागं थांबून केलेला. अक्कांकडे पाखराचा ठसा नाही म्हणून पोरं चिडवतात, तर अक्कांना सगळ्या कोल्हापुरात नसेल असा देऊ, एवढाच त्याचा हिशेब. बहिणीच्या सगळ्या कायद्यांत वाढलेल्या माणसाला हा एक कायदा कसा आठवला नाही, ते तोच जाणे. आनंदात माणूस विसरतो.

"तुम्ही काय म्हणालात?"

"पाखरं मारायचं हत्यार बहिणीच्या ताटात घालतोस, म्हटलं. ह्यासाठी वाढवला व्हय, म्हटलं. सगळ्यांच्या म्होरं."

नेमू पाटावरून उठला. ओवाळणं अर्ध्यावर राहिलं. महिनाभरात त्यानं बिऱ्हाड उचगावला हलवलं आणि पुढं तिथंच स्वतःची शेड टाकली. उचगाव म्हणजे काही विलायत नव्हे. शहराला चिकटलेलं आहे. पण अकरा वर्षांत तो आला नाही आणि या गेल्या नाहीत. त्याला मुलगी झाली हेसुद्धा अक्कांना भंगारवाल्याकडून कळलं होतं.

"त्या फडक्याकडं बघ," अक्का म्हणाल्या.

ज्यात ठसा गुंडाळला होता ते मी जमिनीवर पसरलं. हातभर पांढरं मांजरपाट, कडेनं दुमडून शिवलेलं. त्यावर कुंकवाच्या रंगात चिमण्यांच्या नुसत्या रेघा उमटलेल्या होत्या. एका ओळीत पाच, खालच्या ओळीत पाच. वरच्या फिकट, खालच्या ठळक. शेवटच्या चिमणीपुढं जागा मोकळी होती.

"कुंकू कालवायचं, धार त्यात टेकवायची आणि कापडावर ठेवायची. मोगरी लावायची न्हाई. पाखरू उमटतंय, कापत न्हाई." त्या प्लास्टरकडं बघत होत्या. "दर भाऊबिजेला एक. त्या दिवशी न्हाई सुचलं बघ. फुडच्या वर्षी सुचलं."

मी चिमण्या मोजल्या. दहा भरल्या.

"उद्याची अकरावी. डाव्या हातानं कागदावर करून बघितली, सरकती. सकाळी सातला ये. कुंकू कालवून ठेवतो."

"अक्का, उचगावला बस जाते."

"जाती की. तिकडनं हिकडं बी येतीच."

"त्यांना कधी निरोप धाडलात?"

"भाऊबिजेचा निरोप असतोय व्हय? आणि तू ह्यातलं कुणाला बोलू नगंस."

मी ठसा गुंडाळला, डबा लावला आणि खाली येऊन उद्याच्या जेवणाचं बघितलं. माझा भाऊ दुपारी जेवायला यायचा होता आणि त्याला बासुंदी लागते.

भाऊबिजेला सकाळी सातला मी वर गेले. अक्का न्हाऊन, इरकल नेसून बसल्या होत्या. वाटीत कुंकू कालवलेलं होतं. मी म्हणाले, "खोलीतली फरशी उंचसखल आहे, छाप नीट उठायची नाही. क्लासचं टेबल सपाट आहे, खाली नेते." त्यांनी मान हलवली. मी ठसा आणि कापड पिशवीत टाकलं, कुंकू झाकणाच्या डबीत ओतलं, जिना उतरले आणि टेबलाशी न थांबता साडेसातची बस पकडली.

उचगावात स्टॉपवर एक म्हातारे दात घासत उभे होते. त्यांना विचारलं.

"नेमू फिटर? ह्या बोळातनं सरळ जावा, पावणं. सणाचं बी शेड उघडून बसलेला एकच माणूस हाय गावात, त्योच."

शेड सापडायला त्रास झाला नाही. आतून आवाज येत होता. "सरका, सरका," आणि मग प्रेसचा दणका. परत "सरका, सरका," आणि दणका. ओळख पटवायला मला दुसरं काही विचारायची गरज उरली नाही.

आत एक टक्कल पडलेला, जाड चष्म्याचा माणूस हातप्रेसवर पत्र्याचे वायसर पाडत होता. त्यानं मला लगेच ओळखलं. चेहरा उतरला. "अक्का..." एवढंच म्हणाला.

"बऱ्या आहेत. मनगट मोडलंय," मी म्हणाले आणि त्याच्या टेबलावरचे वायसर बाजूला करून कापड पसरलं. त्यावर ठसा ठेवला. शेजारी कुंकवाची डबी. कुणाला बोलू नको असं अक्कांनी सांगितलं होतं. मी बोलले नाही. नुसतं उलगडून ठेवलं.

नेमूनं एकेका चिमणीवर बोट ठेवलं. दहाव्या चिमणीवर बोट थांबलं, मग मोकळ्या जागेवर आलं. त्यानं ठसा उचलून धारेवरून अंगठा फिरवला.

"गंज न्हाई ह्याला."

"दर पाडव्याला तेल असतं. अकरावी डाव्या हातानं उठत नाही म्हणाल्या."

तो बराच वेळ कापसाच्या बोळ्याला हात पुसत राहिला. हात कधीच स्वच्छ झाले होते. मग घराच्या दाराकडं तोंड करून म्हणाला, "अगं ए, पोरीला नवा फ्रॉक घाल. आणि तू बी आवर."

त्याची बायको दारात आली. टेबलावरचं कापड तिनं बघितलं आणि फ्रॉक काढायला आत गेली.

मी ठशावर फुंकर मारली, तो परत फडक्यात गुंडाळला आणि पावणेनऊच्या बसची तिकिटं काढली. तीन पूर्ण, एक अर्धं.